दाजी लटकले तो रविवार

दाजी झाडावरून पडले, पण खाली आले नाहीत.

आधी कडकन आवाज झाला. मग त्यांच्या मचाणाची फळी पाचोळ्यात जाऊन आपटली, मागोमाग थर्मास, मग टोपी. मी माझ्या झाडावर बसून ओळीनं खाली जाणाऱ्या वस्तू बघत होतो. आता दाजी येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. दाजी आले नाहीत. डोळे उघडले तर ते अधांतरी होते. झाडाला बांधलेल्या, पाठीवरच्या सुरक्षा-पट्ट्याला अडकून, पाठ झाडाकडं, तोंड जंगलाकडं, खुंटीला सदरा अडकवावा तसे. सदरा सव्वाशे किलोचा.

“दाजी!”

“ओरडू नका पाव्हणं,” ते हळूच म्हणाले. “जनावर बिचकंल.”

“कुठं लागलं का?”

“लागायला कुठंतरी टेकायला तरी पाहिजे की.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उदयसिंह सरनोबत. कोल्हापूरच्या तालमीत वाढले, घरच्यांच्या धाकानं इंजिनिअर झाले आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागले. मी तिथंच शिकत होतो आणि सुट्टीला त्यांच्याकडं आलो होतो. ताईला सातवा महिना होता आणि तिला हरणाच्या मटणाचे डोहाळे लागले होते. हे डोहाळे तिचे की दाजींचे, याबद्दल घरात एकमत नव्हतं. बायकोनं हरीण मागितल्यावर पुढं काय होतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. पण दाजींना वाटलं, तो जमाना वेगळा होता.

तिकडं परवाना काढला की ठरलेल्या मोसमात धनुष्यानं हरीण मारता येतं. धनुष्य म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतं तसलं ते नसतं. दोन्ही टोकांना कप्प्या, मध्ये तारा. सायकल आणि झोपाळा यांचं लग्न लावून दिल्यासारखं दिसतं. दाजींकडं अशी दोन होती. हरीण मात्र तीन वर्षांत एकही नव्हतं. याचं कारण त्यांचा नेम नव्हे. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी वजा जाता मोसमात जे दिवस उरत, त्या दिवशी हरणं दुसऱ्या गावाला जात असावीत. त्या दिवशी रविवार होता, कुठली तिथी आडवी येत नव्हती. जेन्सन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जंगलात आम्ही पहाटेच येऊन समोरासमोरच्या दोन झाडांवर बसलो होतो.

आणि आता दाजी लटकले होते.

परवान्यासाठी मला एक वर्ग करावा लागला होता. त्यातली एकच गोष्ट डोक्यात राहिली होती. शिकवणारे गृहस्थ म्हणाले होते, पडलेला माणूस बहुतेक वाचतो. लटकलेल्याचं सांगता येत नाही. मांडीचे पट्टे रुततात, रक्त पायांतच साचतं, डोकं रिकामं पडतं. माणसाला झोप येते आणि झोपेतच तो जातो. म्हणून त्या पट्ट्याबरोबर एक जास्तीची दोरी मिळते. लटकलं की तिचा फास करायचा, त्यात पाय द्यायचा आणि उभं राहायचं.

“दाजी, ती जास्तीची दोरी काढा. पाय द्यायची.”

दाजींनी मान दुसरीकडं वळवली.

“दाजी?”

“ती गॅलरीत आहे.”

“कुठल्या गॅलरीत?”

“आपल्या. कपडे वाळत घातलेत तिच्यावर.”

अमेरिकेत कपडे मशीनमध्ये वाळवतात. पण मशीनमध्ये वाळलेला कपडा वाळला, असं आमच्या घरात अजून कुणी मान्य केलेलं नाही.

“बरं, मग माझी दोरी टाकतो तुमच्याकडं,” मी पाठीमागं चाचपत म्हणालो. “माझी कुठं आहे?”

“एक पुरत नव्हती,” दाजी म्हणाले.

माझा मोबाईल थंडीनं बंद पडला होता. दाजींचा खिशात होता आणि तो खिसा मांडीच्या पट्ट्याखाली. जेन्सनचं घर जंगलाच्या पलीकडच्या टोकाला.

“मी येतो तिकडं.”

“या की.”

कुणीच हललं नाही. दाजींना हलता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी त्या झाडावर अंधारात चढलो होतो, खालचं काही दिसत नव्हतं म्हणून. आता उजाडलं होतं. उंचीचं माझं काय होतं, हे दाजींना चांगलं माहीत होतं. ताईच्या लग्नात माळ सोडवायला मी मांडवाच्या शिडीवर चढलो आणि वरच राहिलो. शेवटी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवानं वर येऊन मला काखेत घालून खाली आणलं होतं. लग्नाच्या अल्बममध्ये सप्तपदीच्या आधी तो फोटो आहे.

“पाय हलवत राहा, दाजी.”

“हलवतोय की. हलतायत का?”

“नाही.”

“मग कोण हलवतंय?” त्यांचा आवाज जड झाला होता. “पाव्हणं, पाय आहेत का बघा जरा. मला कळेनात.”

“आहेत. दोन्ही आहेत.”

“बघून सांगताय का अंदाजे?”

मी बघून सांगत होतो. बूट आत वळून लोंबत होते. चेहरा पिठासारखा झाला होता, आणि इतक्या गारठ्यात त्यावर घाम होता. मी धनुष्य फांदीच्या आकड्याला अडकवलं, झाडाला मिठी मारली आणि एक पाय खाली सोडून शिडीची पायरी शोधली. ती सापडली. पाय तिच्यावर ठेवला आणि शिडी कडकडायला लागली. शिडी चांगली होती. पाय थरथरत होता. दुसरा पाय काही केल्या मचाणावरून निघेना. मी त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

तेवढ्यात पाचोळा वाजला.

दाजींच्या झाडामागून नर आला. डोक्यावर वाळकी फांदी घेऊन निघाल्यासारखी शिंगं, फुगलेली मान. तीन वर्षं दाजी ज्याची वाट बघत होते, ते त्यांच्याच लोंबत्या बुटांखालून मान डोलवत चाललं होतं.

दाजींनी मला धडा एकच दिला होता: जनावर आलं की बाकी सगळं नंतर. माझा शिडीवरचा पाय आपोआप वर आला. हात आकड्याकडं गेला. बाण चढवला, धनुष्याची दोरी ओढून गालाला लावली. हरीण चालत होतं. चालत्या जनावराला थांबवायला तोंडानं बकरीसारखा हलका आवाज काढायचा असतो. तोही मला शिकवला होता. मी तोंड उघडलं आणि सवयीनं जे निघायचं तेच निघालं.

“शुक शुक.”

हरीण थांबलं. एस.टी. स्टँडवर आपल्यालाच कुणी बोलावलं की काय म्हणून माणूस वळतो, तसं वळून बघायला लागलं.

आणि समोरून, छातीवर पडलेली मान न उचलता, दाजी स्पष्ट म्हणाले, “सोड.”

दाजी मला कधीच अरेतुरे करत नसत. मेव्हणा वयानं कितीही लहान असो, ‘पाव्हणं’ आणि ‘तुम्ही’, चेष्टा करतानासुद्धा. तो एकेरी शब्द कानावर पडला आणि माझी बोटं माझ्या आधी हलली. मी सोडला.

थप्प असा ओला आवाज आला. हरणानं मागचे पाय झाडले आणि ते झाडीतून ओढ्याच्या दिशेनं गेलं. थोडा वेळ फांद्या मोडत राहिल्या. मग काहीच नाही.

“दाजी! लागला! बरोबर पुढच्या पायामागं!”

“काय लागलं?”

“बाण! हरणाला!”

“कुठलं हरीण?”

इतका वेळ मी घाबरलो होतो असं मला वाटत होतं. घाबरणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. जो माणूस तीन वर्षं जेवताना, गाडी चालवताना, ताईच्या सोनोग्राफीच्या रांगेतसुद्धा हरणाशिवाय बोलला नव्हता, तो ‘कुठलं हरीण’ म्हणून विचारत होता. डोक्यातलं रक्त उतरलं होतं.

“अहो, तुम्हीच म्हणालात की, सोड!”

दाजींनी मान अर्धवट उचलली.

“व्हय,” ते म्हणाले. “म्हणालो.”

आणि मान पुन्हा खाली गेली.

मी खाली कसा उतरलो ते सांगता येणार नाही. तेव्हाही माझे डोळे मिटलेले होते. पाचोळ्यात पडलो, उठलो, दाजींच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. त्यांचे बूट माझ्या डोक्याच्या बरेच वर होते.

“दाजी, झोपू नका.”

“जरा पडतो.”

“पडता येईना म्हणूनच लटकलाय. डोळे उघडा.”

“तिला म्हणावं...”

“तुम्ही म्हणा. मी काही सांगितलं की तिला चेष्टाच वाटते.”

शिडी झाडाच्या दुसऱ्या अंगाला होती. मी चढायला लागलो. वर बघायचं नव्हतं, खाली बघायचं नव्हतं, समोर साल होती आणि सालीवर मुंग्या होत्या. त्या आरामात चालल्या होत्या.

“दाजी!”

बूट नुसते झुलत राहिले.

मग मला सुचलं ते मी बोललो. शुद्धीत असताना हे कुणी दाजींच्या तोंडावर बोललेलं नाही.

“दाजी, जत्रेत तुम्हाला इस्लामपूरच्या पोरानं पाडलं, ते खरं काय?”

वर पट्टा करकरला.

“कोण म्हणालं?”

“ताई. हलगीवाल्यानं काठी उचलायच्या आत तुमची पाठ टेकली म्हणे.”

“माती...” दाजींनी श्वास घेतला. “माती ओली होती.”

“त्याला काय वाळवून दिली होती?”

“पाय घसरला माझा!”

“कुठला? हा का तो?”

“डावा!” दाजी म्हणाले आणि डाव्या पायानं हवेत लाथ मारली.

माझ्या दिशेनं आलेल्या लाथेचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी अजून दोन पायऱ्या चढलो.

“पोरगा तुमच्या निम्म्या वजनाचा होता म्हणे.”

“कोण म्हणतंय निम्मा? चांगला दांडगा...”

“आणि शाकाहारी.”

“कोण शाकाहारी!” दाजी गरजले आणि दोन्ही पाय एकदम झाडले. सगळं झाड हाललं. त्यावर मीही होतो. “ये इकडं! ये वर, तुला दावतो कोण शाकाहारी ते!”

“येतोय,” मी म्हणालो. तोपर्यंत मी आलोच होतो.

माझ्या पट्ट्याचा आकडा झाडाला घातला, खोडाला वळसा मारून अंग बाहेर काढलं आणि त्यांचा बूट धरून माझ्या खांद्यावर ठेवला. “उभं राहा.”

“खांदा जाईल तुमचा.”

“दुसरा आहे. राहा उभं!”

दाजी उभे राहिले. एका खांद्यावर माणूस घेतल्यावर माणसाची उंची कमी होते, हे मी त्या दिवशी मोजता आलं असतं तर मोजलं असतं. माझं तोंड सालीत गेलं. आणि मांड्यांतलं अडलेलं रक्त मोकळं झालं तसे दाजी ओरडले. कुस्तीत बरगडी मोडली तेव्हा हुं की चूं न केलेला माणूस, आईचं नाव घेऊन ओरडला. मी मात्र सालीत तोंड घालून हसत होतो. मेलेला माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडत नाही.

पुढचं हळूहळू झालं. खांद्यावरून त्यांनी खोड धरलं, खोडावरून शिडी. पाठीमागचा आकडा मी काढला. पायरी पायरीनं मी त्यांचे बूट हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवत गेलो, कारण पाय त्यांचं ऐकत नव्हते. खाली आल्यावर ते झाडाला टेकून बसले, मी पालथा पडलो आणि पडल्या पडल्या दाजींच्या मोबाईलवरून जेन्सनला बोलावलं.

म्हातारा आला तो ट्रॅक्टर घेऊन. त्यानं आम्हाला दवाखान्यात धाडलं आणि कुत्रं घेऊन स्वतः हरणाचा माग काढला. ओढ्याच्या काठाला पडलं होतं, फार लांब गेलंच नव्हतं. पोट साफ करून, काळीज पिशवीत वेगळं काढून त्यानं ते आपल्या गोठ्यात टांगून ठेवलं.

दवाखान्यात दाजींना सलाईन लावली, रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक आहेत का ते बघितलं. ताईचा फोन आला तेव्हा त्यांच्या उशाशी मशीन टिकटिक करत होतं.

“हरीण लागलंय,” दाजी तिला म्हणाले. “माग काढतोय. उशीर होईल.”

“तो आवाज कसला?”

“पक्षी आहे. इकडचा.”

डॉक्टरला, नर्सला आणि सलाईन बदलायला आलेल्या पोराला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. आपण झाडाला लटकलो होतो, जीव चालला होता, तरी डोळा जनावरावर होता आणि ऐन वेळी आपण आपल्या पाव्हण्याला हुकूम दिला. हरीण केवढं होतं ते सांगताना सलाईनची नळी ताणली जाईपर्यंत हात पसरले. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. तसंच तर झालं होतं.

संध्याकाळी आम्ही जेन्सनकडून हरीण घरी आणलं आणि गॅरेजमध्ये मागच्या पायांनी तुळईला टांगलं. दाजींना उभं राहवत नव्हतं, म्हणून ते स्टुलावर बसले आणि मला सांगत गेले. कातडं सुरीनं सोलायचं नाही, मूठ घालून ढकलायचं. कोट उतरल्यासारखं उतरतं. चरबी सगळी काढून टाकायची, गार झाली की जिभेला मेणासारखी चिकटते. हाडं तोडत बसायचं नाही. दोन स्नायूंच्या मध्ये पांढरी रेघ असते, तिच्यातून सुरीचं टोक चालवलं की मांस आपण होऊन सुटं होतं. पाठीच्या लांब पट्ट्या सुक्क्याला, खांद्याचा फरा खिम्याला, बरगड्या आणि नळ्या रश्श्याला. मी सुटं करून देत होतो आणि दाजी मांडीवर फळी घेऊन एकेका तुकड्यावरचा पापुद्रा काढत होते.

“पाव्हणं.”

“काय?”

“ते आलं कुठनं?”

“कोण?”

“हरीण.”

“तुमच्या मागनं. मग पायाखालनं गेलं.” मी हसलो. “डॉक्टरला तर हात पसरून दाखवलंत.”

“अंदाजे दाखवलं.” त्यांनी एक लांब पापुद्रा ओढून बाजूला टाकला. “मला दिसलंच नाही ते.”

माझी सुरी थांबली.

“मग ‘सोड’ कुणाला म्हणालात?”

दाजींनी पुढचा तुकडा घेतला. तो उलटा केला, सुलटा केला.

“तू शुक शुक केलंस. मला वाटलं, मला हाक मारतोयस.”

मी हात फडक्याला पुसले.

“शिडी वाजत होती. दिसत नव्हतं मला, पण ऐकू येत होतं. तुझा पाय लटपटतोय ते. म्हटलं, आता हा येणार. येणार आणि पडणार.” त्यांनी सुरी पुसली. “एका सकाळी तुझ्या ताईनं दोघांचं ऐकायचं का?”

अशा वेळी मी एरवी काहीतरी बोलतो. मी बोलायला गेलो.

“मग नीट सांगायचं,” मी म्हणालो. “मला सोड, म्हणून. पूर्ण वाक्य बोलायला काय झालं होतं? एका शब्दात काय कळतं माणसाला?”

आवाज माझा नव्हता, कुणाचा तरी होता.

“पूर्ण बोललो असतो तर ऐकलं असतंस?”

मी फऱ्यात सुरी घातली.

“रेघेतनं,” दाजी म्हणाले. “रेघेतनं घाल. वाकडी चाललीय.”

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आधी ताईचं पोट आलं, मग ताई.

“अजून किती वेळ? मसाला वाटून झालाय माझा.” ती थांबली. “ह्याचे डोळे का लाल झालेत?”

“कांदा,” दाजी म्हणाले.

ताईनं टेबलाकडं पाहिलं. मांस होतं, हाडं होती, दोन सुऱ्या होत्या.

“कांदा आत आहे,” ती म्हणाली. “मीच चिरलाय.”

मग तिनं स्टुलावर पाय अवघडून बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“पाणी तापवलंय. आधी दोन्ही मांड्या शेकून घ्या, मग जेवायला या.”

मांड्यांचं आम्ही तिला काहीही सांगितलं नव्हतं. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी हरणाकडं बघितलं.

आमच्याकडं काळीज सगळ्यांत आधी परततात, नुसतं मीठ-मिरचीवर, आणि ते घरच्या कर्त्या माणसाच्या ताटात जातं. तसंच होत आलंय, त्यावर कुणी कधी बोलत नाही. दाजींनी ताट पुढं केलं. ताईचा डाव त्यांच्या ताटावरून पुढं गेला आणि माझ्या ताटात रिकामा झाला. सगळा.

“अगं,” दाजी म्हणाले.

“तुम्हाला रस्सा,” ताई म्हणाली.

दाजींनी मुकाट्यानं वाटी पुढं केली. तिनं ती भरली, पातेलं खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. पहिला घास माझ्या घशाखाली उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.